हुपरीच्या गाडीतलं टोपडं

कोल्हापुरात थंडी पडते ती फार तर दोन रविवारांच्या मधे. त्यातला एक रविवार ढगाळ निघाला तर तेवढीही नाही. अशा गावात राहून मी जन्मभर स्वेटर विणले. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत माझी लोकर अंगावर चढली नाही असा माणूस कंदील घेऊन शोधावा लागेल. गल्लीच्या तोंडाला म्हशी बांधतात, त्यांतल्या एकीला मी कपाळपट्टी विणून दिली, तर त्या दिवसापासून ती दुधाला वाढली. मालक म्हणतो, पेंड बदलली म्हणून. म्हणू दे. नातेवाईक डिसेंबरात आमच्याकडे यायचं टाळतात, कारण निघताना हातात एक पिशवी पडते आणि ती परत घेतली जात नाही.

मी वाढवून सांगते असं लोकांचं म्हणणं आहे. विणणाऱ्या बाईला वाढवता यायलाच हवं, नाहीतर स्वेटर काखेतच संपायचा. पण आता सांगते ते आमच्या ह्यांच्याबद्दल आहे, आणि त्यात मी फक्त गरजेपुरतंच वाढवलं आहे.

आमचे हे एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर. दारातून आत येताना वाकावं लागेल अशी उंची, आणि आवाज असा की हॉर्न बंद पडला असता तरी गाडी अडली नसती. निम्म्याहून जास्त नोकरी कोल्हापूर-हुपरी रस्त्यावर गेली. रिटायर झाले तेव्हा गळ्यात हार घालून घरी आले, हार खुंटीला अडकवला, आणि दुसऱ्या दिवसापासून हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. जेवायला बसले की तांब्याच्या गळ्याला मूठ घालून तो पुढं-मागं सरकवत राहायचे. मी म्हणायची, पडला तिसरा गिअर, आता भाकरी मोडा.

हसण्यावारी गेलं तोवर गेलं. मग एका उसाच्या हंगामात आम्ही दोघं लेकीकडे निघालो. लेक हुपरीला दिलेली. तिच्या सासरी घरातच चांदीचे पैंजण घडवायचं काम चालतं, त्या घरात मांजर चाललं तरी छुमछुम ऐकू येतं. गाडीत हे पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसले. मुडशिंगीच्या पुढं एक ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि आमचा ड्रायव्हर तरणाबांड. त्यानं ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली. ह्यांचा उजवा पाय खाडकन खाली गेला, जिथं ब्रेक नव्हता तिथं. चेहरा पांढराफटक, घामानं सदरा पिळून निघावा असा, छातीवर हात. श्वास मिळेना म्हणाले. गाडी थांबवून उतरलो. दुसऱ्या गाडीत बसायला तयार होईनात, म्हणून चालत परत आलो. मुडशिंगीपासून शिवाजी पेठेपर्यंत. गल्लीत शिरले तेव्हा माझ्या चपलेला फक्त अंगठा उरला होता.

काळजाच्या डॉक्टरांनी तारा लावल्या, पट्टी काढली, पळवून बघितलं. काळीज घोड्याचं निघालं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, मनाच्या. ह्यांनी दारातच पाय रोवले, मी काय येडा हाय काय म्हणून. त्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की तुमचं काळीज धडधाकट आहे, ते घाबरलंय, आणि घाबरणं हाही आजारच. गोळ्या दिल्या, श्वास सावकाश सोडायला शिकवलं, आणि हळूहळू बाहेर पडायला सांगितलं. निघताना त्यांनी एक गोष्ट विचारली: दिवसभर तुमचे हात काय करतात? ह्यांनी हात उलटे-सुलटे करून बघितले.

गोळ्यांनी झोप आली. बाहेर पडणं मात्र उलट कमी होत गेलं. आधी गाडी सुटली, मग स्कूटर, मग तालमीचा कट्टा, आणि शेवटी फुटबॉलची मॅच. आमच्या पेठेत पुरुष मॅचला गेला नाही म्हणजे घरात काहीतरी घडलंय असं धरतात. त्या संध्याकाळी चार बायका डोक्यावर पदर घेऊन आमच्या दारात आल्या, आणि ह्यांना चहा पिताना बघून जरा नाराजच झाल्या.

एवढ्यात लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. पहिलं आमच्याकडे झालं होतं, हे सासरी झालं. मुलगी झाली. लेकीनं फोनवर सांगून टाकलं, "बाबा आल्याबिगर बारसं न्हाय. नाव राहू दे हवं तर." सासरची माणसं भली. व्याही म्हणाले, पाळणा बांधून ठेवलाय, आम्हाला काय घाई. बारावा दिवस गेला, महिना गेला. पोरगीला कुणी चिमणी म्हणे, कुणी ठकी, व्याही नुसतंच अगं ए म्हणायचे. हे फोनमधला तिचा फोटो पंच्यानं पुसायचे आणि आतल्या खोलीत जायचे. दोनदा इस्त्रीचे कपडे घालून निघाले. एकदा गल्लीच्या तोंडावरनं परत आले, एकदा स्टँडच्या दारातनं. दुसऱ्या वेळी त्यांनी बूट काढले ते माळ्यावर टाकले.

मी तेव्हा नातीसाठी दुपटं विणायला बसले होते. लोकर लडीत आली होती, तिचा गुंडा करायचा होता. एरवी मी लड खुर्चीच्या पाठीला अडकवते. त्या दिवशी खुर्चीवर हे बसले होते, म्हणून लड ह्यांच्याच दोन्ही हातांत अडकवली आणि म्हटलं, धरा घट्ट.

लड धरणाऱ्याला धागा सुटेल तसे हात वळवावे लागतात. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मी गुंडाळत होते आणि खाली बघत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की धागा फार सरळ येतोय. वर बघितलं तर ह्यांची पाठ ताठ, नजर समोर भिंतीवर, आणि हात असे वळतायत की लोकरीऐवजी चाकच धरलंय. ओठ हलत होते. कान दिला. मुडशिंगी, वसगडे, पट्टणकोडोली. मी गुंडाळायचा वेग कमी केला. खरं सांगते, मी तो गुंडा तीनदा उसवून तीनदा गुंडाळला. ह्यांना ते कळलं असणार, पण मार्ग चालू होता म्हणून बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "सुई कशी धरायची असती?"

शिकवणं म्हणजे एक प्रकरणच झालं. पहिल्या सुया ह्यांनी मोडल्या. लोखंडाच्या होत्या. टाके घातले ते इतके आवळून की सुई त्यांतून काढायला शेजारचा गवंडी बोलवावा की काय असं वाटलं. पहिला तुकडा झाला त्याला मी पापड समजून तळला असता. विणकामात माणसाला लपवता येत नाही. मन धास्तावलेलं असलं की टाका आवळतो, सैलावलं की टाका श्वास घेतो. ह्यांनी दिवस कसा गेला हे मला कधी सांगितलं नाही. मी संध्याकाळी विणलेलं बोटांत घेऊन ताणून बघायची आणि मला कळायचं. सकाळच्या ओळी लाकडासारख्या. दुपारी, चहानंतरच्या, जरा मऊ. हळूहळू मऊ ओळी वर सरकत सकाळपर्यंत आल्या. डॉक्टरांनी शिकवलेला श्वासही तिथंच बसला: सुलट टाक्याला आत, उलट टाक्याला बाहेर. एरवी डोळे मिटून श्वास मोजायला बसवलं की हे घोरायचे.

भाषा मात्र ह्यांची ह्यांनीच केली. टाका सुटला की पंक्चर. उसवायचं म्हणजे रिव्हर्स. सुई बदलून ओळ उलटी फिरवली की वळण घेतलं म्हणायचे, आणि वळताना मागं बघायचे.

हे सगळं खिडकीचा पडदा ओढून. शिवाजी पेठेतला गडी, एके काळचा तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, मांडीवर गुलाबी लोकर घेऊन बसलाय हे बाहेर कळलं असतं तर पेठ सोडावी लागली असती असं ह्यांचं मत. कळलं ते ह्यांच्या जुन्या कंडक्टरमुळे. ते मागच्याच गल्लीत राहतात. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचं पातेलं येतं, दिवाळीला आमच्याकडून फराळाचा डबा जातो, आणि दोन्ही घरांत मधुमेह आहे. जन्मभर एका गाडीत काढल्यामुळे ते दार वाजवत नाहीत. ते आत आले तशी ह्यांनी विणकाम पटकन बुडाखाली सारलं आणि त्यावर बसले. सुया उभ्या होत्या. हे खुर्चीतून जे उडाले ते तुळईला टेकून खाली आले असं मी सगळीकडे सांगते.

कंडक्टर भाऊजींनी खाली पडलेलं विणकाम उचललं, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. मी जीव मुठीत धरला.

"काय ड्रायव्हर," ते म्हणाले, "नवीन गाडी मिळाली म्हणा की."

मग समोर बसून त्यांनी लड हातात घेतली. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेठेला कळायला काही अडचण आली नाही. दोघं-तिघं थट्टा करायला म्हणून आले. त्यांतल्या एकानं जाताना तालमीच्या रंगाचा मफलर मागितला, तेव्हा ह्यांनी पडदा जो बाजूला सारला तो परत ओढला नाही.

आता टोपड्याचं सांगते. बाळंतविड्यात टोपडं हवंच, आणि ते मीच करणार, असं ह्यांनी ठरवलं. मी किती ओळी घालायच्या ते सांगितलं आणि मोजायला काड्या ठेवायला सांगितल्या. ह्यांना काड्या नकोत. म्हणाले, मी माझ्या पद्धतीनं मोजतो. पद्धत अशी: कोल्हापूर स्टँडला पहिली ओळ, मग एक ओळ एक थांबा, हुपरी आली की टोपडं पूर्ण. मी मनात हिशेब केला, थांबे नि ओळी बरोबर जुळत होत्या. म्हटलं चालेल.

चाललं असतंही, जर ह्यांनी फक्त थांब्यावर गाडी थांबवली असती. पण हे हात केला की थांबणारे ड्रायव्हर. मुडशिंगीच्या अलीकडे ओळ संपवून म्हणाले, इथं ती भाजीची पाटी घेऊन म्हातारी उभी असायची, थांबा नसताना मी घ्यायचो तिला. तिच्यासाठी एक ओळ. पुढं कॅनॉलवर शाळेची पोरं, त्यांना सोडून जायचं म्हणजे काय, एक ओळ. एक बाई नवऱ्याशी भांडून माहेरी निघायची आणि दोन थांब्यांनी राग उतरला की उतरायची. तिला चढायला एक, उतरायला एक. एक पेन्शनर होते, ते कायम गाडी सुटल्यावर पळत यायचे. त्यांच्यासाठी ह्यांनी अख्खी ओळ रिव्हर्स घेतली.

सगळ्या संसारात हे माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या टोपड्यात बोलले. गाडी चालवताना ह्यांनी आरशात काय काय बघितलं होतं ते मला आता कळत होतं. मी मधेच बजावलं की अहो, पोरगीच्या डोक्याचं माप होऊन गेलं, आता बंद करा. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भर रस्त्यात प्रवासी उतरवायला सांगितलंय. टोपडं लांबत गेलं. टोपी झाली, नळी झाली, मग पायमोजा वाटायला लागलं. हुपरी काही येईना.

शेवटी कंडक्टर भाऊजींनी तोंड उघडलं. म्हणाले, "ड्रायव्हर, ह्या खुर्चीत बसून हुपरी येत नसती. पोरगी बिननावाची पडलीया. बिनपाटीची गाडी म्या कधी स्टँडातनं सोडली न्हाय. रविवारी जायचं. म्या येतो संगं."

ह्यांनी सुई बदलली. विणत राहिले. रविवारी सकाळी उठून बघते तर माळ्यावरचे बूट दाराशी होते.

सकाळची गोळी घेतली, स्टँडवर गेलो, गाडी लागली. हे दारात थबकले, मागं लोकांची रांग. हात दांड्याला. मागून एक पैलवान गडी म्हणाला, पावणं, चढतासा का उतरतासा? हे चढले. खिडकीकडे बसले, पिशवीतून टोपडं काढलं, गुंडा मांडीत ठेवला. गावाबाहेर पडेपर्यंत ओळी बघून मला वाटलं, जमलं.

मुडशिंगीच्या पुढं तेच. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, ऊस रस्त्यावर लोंबलेला, आणि आपली गाडी बाहेर निघते आहे. ह्यांचा पाय खाली गेला. सुया थांबल्या. मान घामानं भिजली. हे अर्धवट उठले आणि म्हणाले, "थांबीव. मी उतरतो."

उठल्याबरोबर मांडीतला गुंडा पडला. ड्रायव्हरनं नेमका तेव्हाच ब्रेक दाबला, आणि गुंडा सीटांखालून सरळ पुढं निघाला. टोपल्या, पिशव्या, चपला, एक बांधलेला कोंबडा, सगळ्यांना वळसा घालत तो पार पुढं गेला, आणि त्याचा गुलाबी धागा अख्ख्या गाडीत पसरला. दुसरं टोक ह्यांच्या हातातल्या सुईवर. आता हे एक पाऊल पुढं टाकते तर टाके सुईवरून निघणार होते, आणि त्यांच्याबरोबर म्हातारी, शाळेची पोरं, भांडकुदळ बाई, सगळेच.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून मी म्हटलं, "ओळ अर्धी हाय. पुरी करा, मग उतरा. मीबी उतरते."

हे माझ्याकडे बघत राहिले. छाती वरखाली होत होती. मग खाली बसले आणि टाका घेतला. आवळलेला होता, मला त्याचा करकर आवाज आला. पुढचाही तसाच. आत, बाहेर, आत, बाहेर. कंडक्टर भाऊजी तोवर वाकून धागा सोडवायला निघाले होते, आणि सगळी गाडी पाय वर घेऊन बसली होती. कुणी चपलेखालून धागा काढून दिला, कुणी कोंबड्याच्या पायातून. एक बाई म्हणाली, सावकाश विणा, आमचं काय जातंय. ओळ संपली. ह्यांनी सुई बदलली, वळताना सवयीनं मागं बघितलं. मागं काचेतून ट्रॅक्टर लांब राहिलेला दिसत होता.

मी पिशवी उचलली. उतरायचं होतं ना.

"थांब की," हे म्हणाले, "ही ओळ चालू केलीया."

पट्टणकोडोली कधी गेली मला माहीत नाही. मी ह्यांचे हात बघत होते. भीती पळून गेली असं मी म्हणणार नाही. ह्या बाबतीत मी वाढवत नाही. आजही ट्रॅक्टर दिसला की ह्यांचा पाय खाली जातो, गोळी अजून चालू आहे, डॉक्टरांकडे अजून जातो. पण त्या दिवशी गाडी हुपरीला लागली, माणसं उतरली, कोंबडा उतरला, ड्रायव्हर चहाला गेला, आणि हे रिकाम्या गाडीत टाके बंद करत बसले होते. जावई खिडकीखाली येऊन उभे राहिले. बाबा, चला की, सगळी खोळंबलीत म्हणाले. ह्यांनी धागा दातानं तोडला आणि खाली उतरले.

लेकीनं दारातच ह्यांच्या हातात पोरगी दिली. ती पोरगी मला वाटतं तेव्हाच हसली. लेक म्हणते झोपेत होती. टोपडं घातलं तर ते डोक्यावरून मानेवर, पाठीवरून पायापर्यंत गेलं. विहीणबाईंनी ते नीट सारखं केलं आणि विचारलं, "टोपडं हाय का झबलं?"

"सगळे पॅसेंजर घेतल्यात, ताई," कंडक्टर भाऊजी म्हणाले. "एकाला खाली ठेवलं न्हाय."

पाळण्याला चिमुकले घुंगरू लावले होते, त्या घरचेच. आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीत बुक्के खाल्ले, बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. मग बायका जेवायला उठल्या आणि पाळण्याची दोरी ह्यांच्या हातात आली. हे भिंतीला टेकून बसले, पाठ ताठ, नजर समोर. दोरी ओढायची, सैल सोडायची. पाळणा जरा जोरात गेला तशी पोरगी कुरकुरली.

शेजारी भाऊजी बसले होते. ते हळूच म्हणाले, "ड्रायव्हर, दमानं. उतार हाय."